प्रदेशनिष्ठ रोगांचा अभ्यास आणि नियंत्रण, चीन आणि भारत : विदर्भातील गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खेड्यांमध्ये आरोग्य कर्मचारी म्हणून काम करताना आणि निवृत्तीनंतर ग्रामसभा, शाळा व आशा ताईंच्या बैठकांना जाताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

प्रदेशनिष्ठ रोग म्हणजे काय? साथीच्या रोगापेक्षा तो वेगळा कसा?

साथ येते आणि जाते. प्रदेशनिष्ठ रोग मात्र एखाद्या भूभागात पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून असतो. त्याचे मूळ तेथील जमिनीत, पाण्यात, डासांत, पिकांत किंवा राहणीत असते. त्या भागातून बाहेर पडलेला माणूस पुष्कळदा त्यातून सुटतो आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेला माणूस काही वर्षांनी त्यात सापडतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील हिवताप, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांतील हत्तीरोग आणि यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे होणारा, दात व हाडे बिघडवणारा फ्लोरोसिस ही आपल्या परिचयाची उदाहरणे आहेत. अशा रोगाचे दुर्दैव असे की, तो सतत समोर असल्यामुळे लोकांना तो रोग वाटेनासा होतो. "आमच्याकडे सगळ्यांचे दात असेच असतात" हे वाक्य मी इतक्या गावांत ऐकले आहे की, माझ्या लेखी आता ते रोगाचे पहिले लक्षणच झाले आहे.

तुलनेसाठी चीनच का निवडला?

दोन्ही देश मोठे आहेत, दोन्हीकडे शेतीवर जगणारी प्रचंड लोकसंख्या होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर दोघांच्या अंगावर जवळजवळ तेच रोग होते. चीनमध्ये १९४० च्या दशकात दरवर्षी हिवतापाचे सुमारे तीन कोटी रुग्ण होत असत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील अंदाज साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा होता. हत्तीरोग, आयोडीनच्या कमतरतेमुळे होणारा गलगंड आणि पाण्यातील फ्लोराइड हे प्रश्नही दोन्हीकडे होते. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. चीनने हत्तीरोगाचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली मान्य केले आणि ३० जून २०२१ रोजी त्याला हिवतापमुक्त देशाचे प्रमाणपत्र दिले. आपण या दोन्ही रोगांशी अजून झुंजत आहोत. हा फरक कोठून आला हे समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे. चीनच्या राज्यपद्धतीविषयी कोणाचे काहीही मत असले तरी त्यामुळे ही गरज कमी होत नाही.

चीनमध्ये अशा रोगांची वेगळी सरकारी यादी असते असे ऐकतो. ती कशी तयार झाली?

होय. 'स्थानाचे रोग' अशा अर्थाचा एक वेगळा वर्ग तेथील आरोग्य प्रशासनात आहे. त्यात आयोडीनच्या कमतरतेचे विकार, फ्लोरोसिस, आर्सेनिकची विषबाधा, हृदयाचा केशान रोग आणि सांधे विकृत करणारा काशिन-बेक रोग यांचा समावेश होतो. हार्बिन येथील वैद्यकीय विद्यापीठात या वर्गासाठी राष्ट्रीय पातळीवरचे स्वतंत्र केंद्र आहे.

या वर्गामागची दृष्टी समजण्यासाठी केशान रोगाची हकिकत पुरेशी आहे. १९३५ च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येकडील हेइलोंगजिआंग प्रांतातील केशान तालुक्यात धडधाकट माणसे हृदय बंद पडून मरू लागली. बळी मुख्यतः शेतकरी कुटुंबांतील बाळंतपणाच्या वयाच्या स्त्रिया आणि लहान मुले होती. शहरात राहणारे, निरनिराळ्या ठिकाणचे धान्य खाणारे लोक मात्र बहुधा वाचत असत. पुढे नकाशावर बाधित गावे मांडली, तेव्हा ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत तिरका जाणारा एक पट्टा दिसला, आणि तो पट्टा मातीत सेलेनियम हे खनिज अत्यल्प असलेल्या प्रदेशाशी जुळला. १९७० च्या दशकात सिचुआन प्रांतातील मिआननिंग तालुक्यात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देऊन प्रयोग झाले आणि रोग लक्षणीय प्रमाणात घटला. नंतरच्या संशोधनात एका विषाणूचाही हात असल्याचे दिसले, म्हणजे कारण एकटे नव्हते. रस्ते आणि बाजार वाढून गावात बाहेरचे धान्य येऊ लागल्यावर रोग आणखी ओसरला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या शोधाची पद्धत मला फार मोलाची वाटते. रुग्णाच्या छातीला नळी लावून संशोधक तेथेच थांबले नाहीत. त्यांनी त्याच्या कणगीतले धान्य आणि शेतातली माती तपासली. रोगाला गावाचे नाव मिळाले आणि त्याचे उत्तरही गावातच सापडले.

भारतात अशी यादी का नाही?

आपल्याकडे रोगांची विभागणी कार्यक्रमांनुसार झाली. गलगंडासाठी १९६२ साली कार्यक्रम सुरू झाला, हिवतापासाठी १९५३ साली, हत्तीरोगासाठी १९५५ साली आणि फ्लोरोसिससाठी थेट २००८-०९ साली, तोही सुरुवातीला पाच जिल्ह्यांपुरता. शिवाय राज्यघटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. केंद्र धोरण व निधी देते, राज्य अंमलबजावणी करते आणि गावपातळीवर काम जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांकडून होते.

ही रचना वाईट आहे असे मी म्हणत नाही. हिवताप, हत्तीरोग यांसारख्या रोगांत तिचा उपयोगही झाला. परंतु जो रोग पाण्यातून किंवा मातीतून येतो, त्याचे या रचनेत हाल होतात, कारण त्याचा रुग्ण आरोग्य खात्याकडे असतो, त्या रोगाचे मूळ पाणीपुरवठा खात्याकडे असते आणि खडकाची माहिती भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे असते. तीन कागद तीन टेबलांवर राहतात. माझ्या नोकरीच्या काळात एका पोडावरील, म्हणजे आदिवासी वस्तीवरील, हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवाल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पोहोचायला दोन पावसाळे गेले आणि तोवर त्या हातपंपावरचा 'पिण्यास अयोग्य' दर्शविणारा लाल रंग उडून गेला होता. लोक पुन्हा तेच पाणी भरत होते. त्या दोन वर्षांत ज्या मुलांचे पक्के दात तयार होत होते त्यांचे नुकसान कायमचे झाले, आणि त्यांपैकी काहींना मी आजही रस्त्यात भेटतो.

आमच्या पोडावर मुलांचे दात पिवळे-तपकिरी आहेत. लोक म्हणतात खर्ऱ्यामुळे होते. खरे काय?

खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, दात रंगतात आणि खर्रा सुटलाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु खर्रा तोंडात न घेणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या दातांवर डाग असतील तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. फ्लोरोसिसचे डाग दाताच्या आवरणात मुरलेले असतात. सुरुवातीला खडूसारखे पांढरे ठिपके किंवा आडव्या रेषा दिसतात, पुढे त्या पिवळ्या व तपकिरी होतात आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्याच असतात. ते घासून जात नाहीत. खर्ऱ्याचा थर वरून चढतो, हिरड्यांच्या कडेला जास्त असतो आणि दात साफ करून घेतल्यास बराचसा निघतो.

फ्लोराइड हा खडकातून पाण्यात उतरणारा घटक आहे. विदर्भाचा पश्चिम आणि मध्य भाग बहुतांशी काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, तर पूर्वेकडे व दक्षिणेकडे जुने ग्रॅनाइट, नाइस आणि गाळाचे खडक लागतात. जेथे पाणी खोल खडकात दीर्घकाळ अडकून राहते, त्यात सोडा वाढतो आणि कॅल्शियम घटते, तेथे फ्लोराइड अधिक विरघळतो. त्यामुळे एकाच गावात उथळ विहिरीचे पाणी चांगले आणि दोनशे-तीनशे फूट खोल बोअरचे पाणी सदोष, असे घडू शकते. पूर्वी विहिरी व नाल्यांवर भागवणारी गावे दुष्काळांनंतर बोअरवर गेली आणि रोग वाढला, ही बाब लोकांना सांगताना मला नेहमी वाईट वाटते, कारण तो हातपंप कोणीतरी चांगल्या हेतूनेच बसवलेला असतो. जंतूंपासून तो सुरक्षित होताच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास आधी दात, मग सांधे व पाठीचा कणा यांवर परिणाम होतो. मान वळत नाही, खाली बसता येत नाही आणि वयाच्या चाळिशीत माणूस म्हातारा दिसतो. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या मुलांचे पायही वाकतात.

फ्लोरोसिसचे गाव चीन कसे ठरवतो आणि आपण कसे ठरवतो?

चीनच्या मानकात दोन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. एक म्हणजे पाण्यातील फ्लोराइड आणि दुसरी म्हणजे त्याच गावात जन्मलेल्या व वाढलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांचे दात. पाण्यातील प्रमाण मर्यादेबाहेर असेल आणि अशा मुलांपैकी ३० टक्क्यांहून अधिक मुलांच्या दातांवर फ्लोरोसिस दिसत असेल, तर ते 'बाधित गाव' म्हणून नोंदले जाते. पुढे नवी नळयोजना झाली म्हणून नाव आपोआप वगळले जात नाही. योजना चालू आहे का, नळाचे पाणी मर्यादेत आहे का आणि मुलांच्या दातांतील प्रमाण ३० टक्के किंवा त्याखाली आले का, हे सारे तपासल्यावरच ते गाव 'नियंत्रित' समजले जाते. मुलांचे दात ही त्या गावाच्या पाण्याची कित्येक वर्षांची नोंदवही असते, आणि ती खोटी लिहिता येत नाही.

आपल्याकडे पाणी तपासण्याची व्यवस्था आहे आणि ती कागदावर तरी चांगली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो, रासायनिक तपासणी होते, स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून गावातच चाचणी करता येणारे तपासणी संचही पुष्कळ ठिकाणी पोहोचले आहेत. फ्लोरोसिस कार्यक्रमात शाळकरी मुलांचे दात पाहण्याची तरतूदही आहे. उणीव आहे ती या दोन गोष्टी एकाच पानावर आणण्याची. पाण्याचा आकडा एका संगणकात आणि दातांचा आकडा दुसऱ्या नोंदवहीत असेल, तर गावाला स्वतःचे चित्र कधीच दिसत नाही.

चीनकडून आणखी एक धडा घ्यावा. तेथे सगळा फ्लोराइड पाण्यातून येतो असे त्यांनी गृहीत धरले नाही. ग्वेइचौ प्रांतात पाणी चांगले असूनही रोग होता. शोध घेतल्यावर लक्षात आले की, लोक माती मिसळलेला कोळसा घरातल्या उघड्या शेगडीत जाळतात, त्या धुरावर मका आणि मिरची वाळवतात आणि तो फ्लोराइड अन्नातून पोटात जातो. उपाय म्हणून धुराडे असलेल्या शेगड्या देण्यात आल्या. तिबेट व इनर मंगोलिया भागात विटेसारख्या थापलेल्या जाड पानांच्या चहातून हाच रोग होतो. रोग तोच असला तरी तीन प्रदेशांत त्याच्या तीन वाटा आहेत.

पाणी उकळले किंवा तुरटी फिरवली तर फ्लोराइड जातो का?

उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे लिटरमागचे प्रमाण किंचित वाढते. हा गैरसमज धोकादायक आहे, कारण काविळीच्या किंवा हगवणीच्या काळात आम्ही कर्मचाऱ्यांनीच लोकांना पाणी उकळण्याची सवय लावली आहे.

तुरटीविषयी मात्र उत्तर वेगळे आहे आणि त्यात विदर्भाचा वाटा आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात मिसळून, पाणी ढवळून, गाळ खाली बसू देऊन फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली. ती तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आताच्या तेलंगणातील, ज्या बाधित जिल्ह्यावरून ओळखली जाते, त्या नलगोंडाचे नाव जगभर गेले. पद्धत स्वस्त आहे, पण प्रमाण पाण्याच्या गुणधर्मांप्रमाणे बदलते, गाळाची विल्हेवाट लावावी लागते आणि रोज कोणीतरी लक्ष द्यावे लागते. घरी तुरटीचा खडा दोन वेळा फिरवणे म्हणजे ही पद्धत नव्हे. शक्य असेल तेथे दूरचा का होईना, पण निर्दोष स्रोत शोधणे हाच पहिला उपाय आहे. पावसाचे साठवलेले पाणी, दुरुस्त केलेली जुनी विहीर, मालगुजारी तलावालगतची उथळ विहीर, यांचा विचार आधी व्हावा, आणि गाळणी यंत्रे त्यानंतर. जी यंत्रे देखभालीअभावी शाळेच्या व्हरांड्यात धूळ खात पडली आहेत, त्यांची संख्या पाहता हा क्रम मला आवश्यक वाटतो.

दोन्ही देशांनी मिठातून औषध दिले म्हणतात. मग आपल्याकडे हत्तीरोगाचे मीठ का आले नाही?

आयोडीनयुक्त मीठ दोन्हीकडे आले. त्यामागचा एक मोठा पुरावा भारतातलाच आहे. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन मिसळून गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. तरीही देशभर आयोडीनयुक्त मिठाचे धोरण १९८० च्या दशकात आले आणि साध्या मिठाच्या विक्रीवरील केंद्राची बंदी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लागू होऊन २००० साली उठली व २००६ साली पुन्हा लागू झाली. चीनने १९९० च्या दशकाच्या मध्यात सार्वत्रिक आयोडीनीकरण केले, पण सोबत एक बारीक काम केले. ज्या भागांतील पाण्यात आयोडीन आधीच जास्त आहे, ती गावे शोधून तेथे बिनआयोडीनचे मीठ पुरवले. आपला नियम मात्र सगळीकडे एकच आहे.

हत्तीरोगासाठी चीनने 'डीईसी' हे औषध मिसळलेले मीठ बाधित गावांत काही महिने सलग वापरात आणले. तेथे सुमारे तीन कोटी लोकांना हा रोग होता आणि मिठाचा हा मार्ग निर्णायक ठरला. मिठाचा व्यापार तेव्हा सरकारच्या मुठीत असल्यामुळे ते शक्य झाले. आपल्याकडेही काही ठिकाणी असे प्रयोग झाले, परंतु मीठ बनवणारे व विकणारे असंख्य असताना एखाद्या गावात विशिष्ट मीठच शिजेल याची खात्री कोण देणार? शिवाय मीठ आणि सत्ता यांचा आपल्याकडे वेगळा इतिहास आहे. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे १९३० साली खारपाणपट्ट्यातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला होता. ज्या मुलखाने मिठासाठी कायदा मोडला, तेथे सरकारी मीठ सक्तीने देण्यापूर्वी लोकांना विचारावेच लागेल, आणि ते योग्यच आहे.

मग दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या का खायच्या? मला तर काहीच झालेले नाही.

कारण जंतू रक्तात असूनही वर्षानुवर्षे काहीच लक्षण दिसत नाही. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी आपल्या भागात रात्री रक्तात येतात, म्हणूनच तपासणीसाठी रक्तनमुना रात्री घेतात. गटाराच्या व सांडपाण्याच्या डबक्यात वाढणारा क्युलेक्स डास ते एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. पायाला सूज किंवा अंडवृद्धी दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२००४ पासून देशात बाधित जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहीम चालते. अगदी सुरुवातीला तीन औषधांचा एकत्रित उपचार ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाला त्यांत नागपूर होता. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे सोडून सर्वांनी गोळ्या घ्यायच्या असतात, त्याही काही खाल्ल्यानंतर. एखाद्याला हलका ताप किंवा डोकेदुखी झाली तर ती पुष्कळदा अंगातील कृमी मरत असल्याची खूण असते. भारताचा खरा अडथळा येथे आहे. घरोघर गोळ्या वाटल्या जातात, पण त्या कोनाड्यात राहतात. मिठामुळे चीनमध्ये औषध घेणे वेगळे आठवावेच लागत नव्हते. आपल्याला ते आशा ताईसमोर गिळावे लागते, आणि तिने तसा आग्रह धरला तर तो अपमान समजू नये.

चीनने हिवताप कसा संपवला? गडचिरोलीत तसे होऊ शकेल का?

चीनची वाटचाल सरळ नव्हती. १९७० साली तेथे हिवतापाचे दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक रुग्ण झाले होते. आपल्याकडे १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखापर्यंत खाली आले होते, आणि १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. यश जवळ दिसताच हात सैल सोडला की काय होते, हे दोन्ही देशांनी मोठी किंमत मोजून शिकले आहे. १९६७ साली चीनने सुरू केलेल्या गुप्त संशोधन प्रकल्पातून डॉ. तू योयो यांच्या चमूला आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध मिळाले. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले आणि आज गडचिरोलीच्या उपकेंद्रात फाल्सिपेरम या गंभीर प्रकारच्या हिवतापासाठी दिली जाणारी गोळी त्याच कुळातील आहे.

रुग्ण कमी झाल्यावर चीनने 'एक-तीन-सात' ही शिस्त लावली. रुग्ण आढळल्यावर एका दिवसात नोंद करायची, तीन दिवसांत तो कोठून बाधित झाला याचा शोध घ्यायचा आणि सात दिवसांत त्या ठिकाणी कारवाई पूर्ण करायची. या पद्धतीचा अर्थ असा की, कारवाईचे लक्ष्य रुग्णाबरोबरच ते ठिकाणही असते.

भामरागडसारख्या तालुक्यात हे जसेच्या तसे होणार नाही. पावसाळ्यात नाल्यांमुळे संपर्क तुटतो, सीमेपलीकडे छत्तीसगडचे तसेच जंगल आहे, मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसे पहाटेपासून किंवा मुक्कामी रानात असतात आणि धानाच्या जागलीला मच्छरदाणी नेली जात नाही. चीनलाही म्यानमारला लागून असलेल्या युन्नानमध्ये असेच जंगल आणि अशीच ये-जा होती, आणि सीमेवर त्यांना सर्वांत जास्त काळ खर्ची घालावा लागला. म्हणून अशक्य म्हणता येत नाही. टोल्यावरच, म्हणजे लहान वस्तीवरच, तपासणीची पट्टी आणि औषध असलेली आशा ही आपली 'एका दिवसाची' शिस्त ठरू शकते. ताप उतरला की गोळ्या सोडण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात यकृतात दडलेल्या जंतूंसाठी चौदा दिवसांचा उपचार असतो आणि तो पाचव्या दिवशी थांबवला तर तोच ताप काही महिन्यांनी परत येतो. देशाने २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

हे सगळे चीनला सक्तीमुळे जमले. लोकशाहीत ते कसे जमणार?

सक्तीचा वाटा होता आणि तो नाकारू नये. वरून आकडे मागितले की खालून हवे ते आकडे येतात, हा धोकाही तेथे अधिक. परंतु हे कारण पुढे करून आपण स्वतःला माफ करू नये, कारण आपल्या देशाने सक्तीविना एक प्रदेशनिष्ठ रोग मुळासकट काढला आहे. तो म्हणजे नारू, पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या लांब कृमीचा रोग. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांचा हा रोग होता आणि बाधित राज्यांत महाराष्ट्रही होता. त्यावर ना लस होती, ना जंतू मारणारे औषध. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या मोहिमेत गावोगाव रुग्ण शोधले गेले, विहिरी बदलल्या किंवा त्यांत औषध टाकले आणि बायाबापड्यांना पाणी फडक्याने गाळायला शिकवले. १९९६ साली शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हटले. येथे पाणी आणि रुग्ण एकाच माणसाच्या वहीत होते.

वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननेही १९५० च्या दशकात घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी तीन अंगांची पद्धत घडवली व पुढे ती देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाचा पाया झाली. ती वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत, लोकांच्या ओसरीवर बसून घडली आहे.

सिकलसेल या तुलनेत बसतो का?

पूर्णपणे नाही. तो रक्ताचा आनुवंशिक विकार आहे, पाण्यामातीतून येत नाही. तरीही तो विशिष्ट प्रदेशांत एकवटलेला आहे आणि त्याचे कारण पूर्वीच्या हिवतापाशी जोडलेले आहे, कारण एकच सदोष जनुक असलेल्या व्यक्तीला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग व ग्वांगशी प्रांतांत याच कारणाने थॅलेसेमिया हा तसाच आनुवंशिक रक्तविकार अधिक आहे आणि तेथे विवाहापूर्वीच्या व गर्भारपणातील तपासणीवर भर आहे. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. तपासणीनंतर मिळणारे कार्ड जपून ठेवावे आणि सोयरीक ठरवताना लाज न बाळगता दोन्हीकडची कार्डे पाहावीत.

आमच्या ग्रामपंचायतीने आत्ता काय करावे?

एक साधी वही घालावी. तिच्या पहिल्या भागात गावातील आणि पोडा-टोल्यांवरील प्रत्येक विहीर, हातपंप व बोअर यांची खोली आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर केलेल्या तपासणीतील फ्लोराइडचा आकडा लिहावा. दुसऱ्या भागात शाळेतील ८ ते १२ वर्षांच्या, गावातच जन्मलेल्या मुलांच्या दातांची वर्षातून एकदा केलेली पाहणी लिहावी आणि ते मूल कोणत्या स्रोताचे पाणी पिते तेही त्याच ओळीत लिहावे. ही पाहणी शक्यतो दंतवैद्यकीय पथकाकडून करून घ्यावी, पथक येईपर्यंत शिक्षक व आशा ताईंनी प्राथमिक नोंद केली तरी चालेल. मुलांची नावे जाहीर वाचू नयेत. तिसऱ्या भागात हिवतापाच्या प्रत्येक रुग्णापुढे तो त्याआधीचे पंधरा दिवस रात्री कोठे झोपला होता याची नोंद करावी, आणि हत्तीरोगाच्या मोहिमेत किती जणांनी गोळ्या समोर गिळल्या हा आकडा वाटलेल्या गोळ्यांच्या आकड्याशेजारी लिहावा.

ज्या स्रोताच्या पाण्यात दोष आढळेल त्याचा वापर पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी बंद करावा, धुण्या-भांड्यासाठी चालू ठेवण्यास हरकत नाही. लाल रंग दर वर्षी दिवाळीनंतर पुन्हा द्यावा. वहीची एक प्रत शाळेत आणि एक उपकेंद्रात ठेवावी, ग्रामसभेत ती वाचली जावी आणि ठरावासोबत तिच्या पानांच्या प्रती पाणीपुरवठा, भूजल व आरोग्य या तिन्ही कार्यालयांना एकाच दिवशी, पोच घेऊन द्याव्यात.